दहापट ट्रिपलेट भिंग: कामठीच्या लाल दगडापासून बाराकरच्या कोळशापर्यंत

आधी वस्तू काय आहे ते सांगते. दहापट मोठं दाखवणारं, 21 मिमी व्यासाचं, तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं ट्रिपलेट भिंग. पितळेची चौकट, वर क्रोमचा मुलामा, घडी घातली की काच आपल्याच झाकणात शिरते. कडेला दोरी ओवायला भोक. अंबाल्याचा माल आहे, किंमत आठशे रुपयांच्या आसपास. परदेशी नावाजलेल्या कंपन्यांची अशीच भिंगं याच्या चौपट-पाचपट किमतीला मिळतात.

मी वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात, वणी, भद्रावती, राजुरा या भागात, बोअरहोलवर कोअर लॉगिंगचं काम करते. रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, जमिनीत जाते, दगडाचे दंडगोल (कोअर) वर येतात, ते पेटीत ओळीने लागतात आणि कुठे कोणता खडक सुरू झाला, कुठे संपला हे मी लिहिते. या कामासाठी भिंग घ्यायचं असेल तर कोणतं, असं नवीन मुलं-मुली नेहमी विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: दहापट, ट्रिपलेट, आणि खरंच दहापट असलेलं. त्याहून मोठं नको. या उत्तरामागे आमच्या खडकांचा स्वभाव आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल थोडं.

वर्धा खोऱ्यात काढण्याजोगा कोळसा बाराकर थरांमध्ये आहे. हे थर पर्मियन काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या खाली तालचीर, म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ. वर मोतूर, त्यावर कामठी, मग काही ठिकाणी लमेटा, आणि पश्चिमेकडे, यवतमाळच्या बाजूला, सगळ्यावर डेक्कन ट्रॅपचा काळा दगड. ही नावं गावा-नद्यांची आहेत. बाराकर ही झारखंड-बंगालकडची नदी, तालचीर ओडिशात, मोतूर छिंदवाड्यात. कामठी मात्र आपलीच, नागपूरजवळची. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूरच्या परिसरातले जीवाश्म गोळा केले आणि रॉबर्ट हंटरबरोबर 1855 मध्ये इथल्या भूशास्त्रावर लेख छापला. आज नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, पण तो माणूस दगडांच्या मागे इतका हिंडला होता हे फार थोड्यांना माहीत असतं, याचं मला वाईट वाटतं. वर्धा खोऱ्याच्या कोळशावरचा पहिला सविस्तर वृत्तांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूजने 1877 मध्ये लिहिला.

आता आमच्या कामातली खरी अडचण. बंगालकडच्या राणीगंज क्षेत्रात कोळशाचे दोन मजले आहेत: खाली बाराकर, मध्ये कोळसा नसलेले थर, आणि वर राणीगंज थर, ज्यात पुन्हा कोळसा आहे. तिथल्या भूवैज्ञानिकाला वरच्या मजल्यावरही कोळसा मिळतो. आपल्याकडे त्या वरच्या मजल्याच्या जागी कामठी आहे. वय साधारण तेच, पण दगड लाल-तपकिरी, लोहाने माखलेला, आणि काढण्याजोगा कोळसा त्यात नाही. कोळसा व्हायला झाडपाला पाण्याखाली, प्राणवायूपासून दूर, पुरला जावा लागतो. कामठीचा गाळ साचत होता तेव्हा पाण्याची पातळी खाली-वर होत होती, जमीन उघडी पडत होती, लोह गंजत होतं. झाडं होती, पानांचे ठसे मिळतात, पण त्यांचा कोळसा झाला नाही. म्हणून वर्धा खोऱ्यात कोळसाधारी थरांची वरची हद्द कुठे लागते, कामठी किंवा मोतूर संपून बाराकर नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न प्रत्येक बोअरहोलवर नव्याने सोडवावा लागतो.

त्यात पैसा आहे. वरचा भाग बरेचदा नॉन-कोअरिंग पद्धतीने, म्हणजे दगडाचा चुरा करत, भरभर खोदला जातो. कोअर काढणं संथ आणि महाग, म्हणून ते कोळशाच्या थोडं आधी सुरू करायचं असतं. लवकर सुरू केलं तर मीटरमागे खर्च वाढतो. उशीर झाला तर सीमचा, म्हणजे कोळशाच्या थराचा, वरचा भागच चुऱ्यात निघून जातो, आणि तो पुन्हा मिळत नाही, दुसरं होल घ्यावं लागतं. रिगवरचे काका दर थोड्या वेळाने विचारतात, "मॅडम, अजून लालच येऊन राहिलं जी, कोअरिंग कधी लावायचं?" माझ्या हातात तेव्हा चाळणीत धुतलेला चमचाभर चुरा असतो आणि हे भिंग असतं. भूभौतिकी लॉगिंग, म्हणजे होलमध्ये यंत्र सोडून घनता आणि गॅमा किरण मोजणं, हे सगळं होल पूर्ण झाल्यावर होतं. काकांना उत्तर आत्ता हवं असतं.

भिंगाची परीक्षा इथे होते. कामठीच्या वालुकाश्माचा कण दहापट मोठा केला की क्वार्ट्झवर (गारगोटीवर) लालसर लोहाचा लेप स्पष्ट दिसतो, जणू प्रत्येक कणाला गेरू लावलाय. बाराकरचा वालुकाश्म करडा-पांढरा, त्यात फेल्डस्पार या खनिजाचे कण भरपूर, आणि त्यातले बरेच केओलिन या पांढऱ्या मातीत बदलून खडूसारखे पांढरे झालेले. नखाने टोचलं तर ते भुरभुरतात, शेजारचा क्वार्ट्झ मात्र जागचा हलत नाही. थरांच्या पातळीवर अभ्रकाचे पत्रे आणि कोळशाच्या बारीक काळ्या चिंधोट्या दिसतात. अधूनमधून गुलाबी गार्नेटचा एखादा दाणा चमकतो. हे सगळं नुसत्या डोळ्यांना एक मातकट राखाडी चुरा म्हणून दिसतं. रंगावर विसंबून राहता येत नाही, कारण बाराकरही वरून हवा-पाणी लागलं की पिवळा-तांबूस पडतो, आणि कामठीतही पांढरे पट्टे असतात. रंग फसवतो, पण फेल्डस्पार आणि लोहाचा लेप यांची जोडी सहसा फसवत नाही. एकाच खुणेवर मात्र मी कधी शिक्का मारत नाही. तीन-चार खुणा एका दिशेला जायला लागल्या की मगच काकांना हो म्हणते.

शेजारच्या होलचा लॉग पाहून ठरवता येत नाही का? थोडंफार येतं, पण जपून. कामठी आपल्या खालच्या थरांवर विसंगतीने बसलेली आहे. म्हणजे ती साचण्याआधी खालचे थर कुठे कमी, कुठे जास्त झिजून गेले होते. एका होलमध्ये कामठीखाली मोतूरचे चॉकलेटी, हिरवट, पिवळे मातीचे थर जाडजूड लागतात. पुढच्या होलमध्ये मोतूर गायब, कामठीखाली थेट बाराकर. त्यात प्रस्तरभंगांनी, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगांनी, पूर्ण पट्टा वर-खाली केलेला. कागदावरचा छेद चांगला मार्गदर्शक आहे, पण चुऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता दहापटच का, ते हिशेबाने सांगते. वाळूचा कण 2 मिमीपासून एक सोळांश मिमीपर्यंत मानला जातो. मध्यम वाळू म्हणजे पाव ते अर्धा मिमी. दहापटीत तो कण अडीच ते पाच मिमीचा दिसतो, आकार, कडा, गोलाई, लेप सगळं वाचता येतं. गाळमातीचा सर्वात मोठा कण दहापटीत साधारण अर्ध्या मिमीहून थोडा मोठा दिसतो, म्हणजे जेमतेम. चिकणमातीचा कण तर वीसपटीतही दिसणार नाही, तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. मग वीसपटीने मिळवलं काय? गमावलं मात्र बरंच. वीसपट भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे काचेपासून दगड जितका दूर धरला की स्पष्ट दिसतो ते अंतर, सव्वा सेंटिमीटर. दगड डोळ्याच्या इतका जवळ आणावा लागतो की टोपीची, हाताची सावली त्यावर पडते. एका वेळी दिसणारा भाग लहान होतो, आणि कोअरचा तुटलेला पृष्ठभाग ओबडधोबड असल्यामुळे एक कण स्पष्ट, शेजारचा धूसर. खडक ओळखायला एकटा कण पुरत नाही, त्याचे शेजारी एकत्र दिसावे लागतात.

बाजारात तर 30 पट, 40 पट लिहिलेली भिंगं दोनशे रुपयांत मिळतात. घेण्याआधी साधी चाचणी करा. दूरच्या खिडकीचं किंवा झाडाचं चित्र भिंगातून पांढऱ्या कागदावर पाडा. ते जिथे स्पष्ट होतं तिथे भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. 250 मिमीला त्या अंतराने भागा, आलेलं उत्तर म्हणजे भिंगाची खरी पट. दहापटीला साधारण 25 मिमी यायला हवं. 30 पट लिहिलेल्या भिंगाला 8 मिमीच्या आसपास यायला हवं, आणि 21 मिमी रुंदीच्या काचेला ते झेपणारच नाही. मी ज्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आधी एक मागवलं होतं, त्यावर 30 कोरलेलं होतं आणि मोजल्यावर ते दहापटही भरलं नाही, शिवाय कडांना निळी-पिवळी झालर. ज्या भिंगाबद्दल लिहितेय ते या चाचणीला बरोबर उतरलं.

ट्रिपलेटचा फायदा त्या झालरीत आहे. एकाच काचेच्या भिंगात वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रित होतात, म्हणून कणाच्या कडेला खोटे रंग दिसतात. तीन काचा जोडल्या की हा दोष बराचसा जातो आणि चित्र कडेपर्यंत सपाट राहतं. आमच्या कामात, जिथे पांढरा फेल्डस्पार आणि किंचित तांबूस लेप यांत निवड करायची असते, तिथे खोटा रंग घातक आहे. या भिंगात कडेच्या अगदी शेवटच्या घेऱ्यात थोडी धूसरता येते. महागड्या भिंगांत तीही नसते. पण मधला मोठा भाग स्वच्छ आहे आणि मला तेवढ्यावर काम करता येतं.

वापरण्याची पद्धत नीट नसेल तर चांगलं भिंगही वाया जातं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दुसरा डोळा उघडा ठेवायचा, आणि दगड हळूहळू जवळ आणायचा. भिंग हातभर लांब धरून दगडावर फिरवणारे लोक पाहिले की मला अक्षरशः थांबवावंसं वाटतं. वालुकाश्म पाण्याने ओला करून एकदा बघा आणि कोरडा करून एकदा. ओल्यात कणांच्या सीमा उठून दिसतात, कोरड्यात केओलिन.

कोळसा मात्र कोरडाच बघायचा, नुकत्या तुटलेल्या बाजूवर. वर्धा खोऱ्यातला मुख्य सीम जाड आहे, काही ठिकाणी पंधरा मीटरच्या पुढे जातो, आणि एकसंध वाटला तरी त्यात पट्टे असतात. चकचकीत पट्टा म्हणजे व्हिट्रेन, घनाकृती तुटणारा, मूळचं लाकूड आणि साल. मंद, कणखर पट्टा म्हणजे ड्युरेन. आणि बोटं काळी करणारा, रेशमी तंतूंचा, लोणारी कोळशासारखा दिसणारा तो फ्युसेन. फ्युसेनवर भिंग धरलं की काही तुकड्यांत लाकडाच्या पेशींच्या रांगा दिसतात. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडाची वीण आठशे रुपयांच्या काचेतून दिसते, हे मला अजूनही थोर वाटतं.

याचा उपयोग नुसता कौतुकाचा नाही. मंद कोळसा आणि कोळसामिश्रित शेल, म्हणजे चिखलाचा पातळ थरांचा खडक, यांच्यात फरक करणं ही लॉगिंगमधली रोजची झटापट. दोन्ही काळे. शेल हाताला जड लागतो, भिंगाखाली त्यात मातीचा मंद पोत आणि अभ्रकाचे सूक्ष्म ठिपके दिसतात, चकाकते पट्टे केसाएवढे किंवा नसतातच. ही सीमा चुकली की सीमची जाडी चुकते, राखेचा अंदाज चुकतो, आणि पुढे कोळशाचा दर्जा. 2012 पासून आपल्याकडे कोळशाचा दर्जा उष्मांकावर ठरतो, जी1 ते जी17, आणि बहुतेक श्रेण्यांमधला फरक किलोला 300 किलोकॅलरींचा. शेलचा एखादा पट्टा नमुन्यात नकळत गेला तर श्रेणी घसरायला तेवढं पुरतं. प्रयोगशाळा अखेरचा आकडा देते, पण नमुना कुठून कुठपर्यंत कापायचा हे साइटवरच ठरतं.

फटींमध्ये बसलेली पांढरी पापुद्री कॅल्साइट की केओलिन, हेही भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब मिळून सांगतात. फसफसलं तर कॅल्साइट. सोनेरी चमक असली तर पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज. गोंडवन कोळशात गंधक साधारणपणे कमी असतं, म्हणून पायराइट दिसलं की मी ते लॉगमध्ये वेगळं नोंदवते. पुढे खाणीचं पाणी आम्लयुक्त होण्याचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

आणि सीमच्या वरच्या-खालच्या शेलमध्ये पानं. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानाला मधली शीर असते, तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. गँगामोप्टेरिसला ती मधली शीर नसते. डोळ्यांना दोन्ही जिभेच्या आकाराचे काळे डागच वाटतात, भिंगाखाली जाळी उलगडते. फ्लोअरच्या, म्हणजे सीमच्या तळाच्या, शेलमध्ये व्हर्टेब्रेरिया, म्हणजे ग्लॉसोप्टेरिसच्या झाडाची मुळं, मणक्यांसारखी खंड पडलेली. ती जागेवर दिसली की झाड इथेच उभं होतं, पाला वाहून आलेला नाही, असा पुरावा मिळतो. लॉगच्या रकान्यात याला जागा थोडी असते, तरी मी लिहिते.

भिंग कुठे कमी पडतं? मोतूरमध्ये. त्या रंगीत मातीत बघण्यासारखे कणच नाहीत. तिथे आम्ही जुनीच पद्धत वापरतो: किंचित माती दाताखाली. करकरली तर गाळमाती, लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा नोंद ठेवायला छान आहे, या भिंगावर फोनची लेन्स टेकवूनही चांगले फोटो येतात, पण दगड हातात फिरवत, प्रकाश तिरपा पाडत बघण्याची जागा फोटो घेत नाही.

भिंगाच्या बांधणीबद्दल तक्रार आहे. घडीचा रिबीट सहा महिन्यांतच ढिला झाला आणि काच उघडी लोंबायला लागली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी तिथे बारीक नट-बोल्ट बसवून दिला, तेव्हापासून घट्ट आहे. मुलामा कडांवर उडालाय आणि खालचं पितळ दिसतंय, त्याने काही बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरकडे चौकट इतकी तापते की गालाला लावताना चटका बसतो, म्हणून ती मी शर्टाच्या आत ठेवते. उघडं भिंग उन्हात, कोळशाच्या पेटीवर किंवा कागदांवर ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. सोबत आलेलं रेक्झिनचं पाकीट निरुपयोगी आहे, दोरी लगेच बदला.

साफ करताना कोरड्या रुमालाने घासू नका. आमच्या धुळीत क्वार्ट्झ असतो आणि तो काचेवर ओरखडे काढतो. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग स्वच्छ पाण्याचे दोन थेंब, मग मऊ सुती कापड. स्पिरिटात बुडवू नका, काचा जोडणारा डिंक सुटू शकतो.

दिवा असलेलं भिंग घ्यावं का, असंही विचारतात. पेट्यांच्या शेडमध्ये संध्याकाळी त्याचा उपयोग होतो. पण भूमिगत कोळसा खाणीत जायचं असेल तर विसरा. तिथे वायूचा धोका असतो आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता नसलेलं कोणतंही बॅटरीचं उपकरण खाली नेता येत नाही. साधं भिंग आणि टोपीवरचा मंजूर दिवा, एवढंच.

विद्यार्थ्यांना सांगेन, पहिल्या वर्षीच हे घ्या, कारण डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो आणि तीच खरी किंमत आहे. ज्यांना पृथक्करणाच्या प्रयोगशाळेतच बसायचं आहे, त्यांनी पैसे चांगल्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकासाठी साठवावेत. रिगवर जाणाऱ्यांनी याच्यासोबत कणांच्या आकाराचं कार्ड, आम्लाची छोटी बाटली आणि सुरी घ्यावी. मुलामा आणि रिबीट यांचा अर्धा तारा कापून पाचपैकी साडेचार. दोन घ्या, एक गळ्यात आणि एक लॉगिंगच्या पेटीत, कारण साइटवर हे मागून नेणारे फार आणि परत आणून देणारे कमी.